मूर्तिकाराचा अंगठा, विश्वकर्मा योजनेचा अर्ज आणि माझी अडलेली चित्रं : माझा अनुभव

आधी कामाची गोष्ट सांगते, कारण मला ती कोणी वेळेवर सांगितली नव्हती. मातीकाम, गवंडीकाम, लोहारकाम करणाऱ्या कुणाचा पीएम विश्वकर्मा या केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेचा अर्ज तुम्ही भरून देणार असाल, तर कागद गोळा करायच्या आधी त्यांची बोटं उजेडात धरून बघा. बोटांवरच्या रेषा दिसत नसतील तर तुमचं खरं काम तिथेच सुरू होतं. आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड हे सगळं जमतं. अंगठा जमत नाही.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पावसाळ्यात हाती घेतलेलं पुस्तक आपल्या नागपूरच्या सणांवर होतं. पोळा, तान्हा पोळा (दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा), मारबत (गावातलं वाईट घेऊन जावी म्हणून मिरवत नेतात तो पुतळा), गणपती, हाडपक्या गणपती (पितृपक्षात बसतो तो). माहिती सगळी जवळ होती. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, मिरवणुकीत बडगे (थट्टेचे पुतळे) कसे असतात, हे मला पाठ होतं. फोटो तर शेकडो. तरीही चित्र कागदावर उतरलं की मेलेलं दिसायचं. रंग बरोबर, माप बरोबर, आणि बघावंसं काही नाही. शेवटी वैतागून स्क्रीन बंद केली आणि महाल भागात चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, जाऊन बसले.

ज्यांच्याकडे बसले त्यांना मी काका म्हणते. साठी ओलांडलेले, बोलणं मोजकं. पहिले काही दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. ते तणस (भाताचा पेंढा) सुतळीनं आवळून लाकडी सांगाड्यावर गणपतीचं अंग बांधत होते. त्यावर भंडाऱ्याकडून आलेल्या मातीचा, कापूस मिसळून मळलेला थर. थर वाळला की भेगा पडतात, त्या भरायच्या, पुन्हा वाळू द्यायचं. मी सोंड काढायला घेतली, डोळे काढायला घेतले. काकांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "चेहरा मागून येते ताई. आधी बसणं जमलं पायजे."

मग ते मूर्तीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि मलाही बसवलं. म्हणे, मंडपात लोक इथूनच पाहतात, उभ्यानं पाहून घडवलेला गणपती खाली बसणाऱ्याला पुढं पडल्यासारखा दिसते. खरंच, खालून पाहिल्यावर डावा खांदा थोडा पुढं झुकलेला वाटला. त्यांनी ओल्या मातीत तो दोन बोटांनी मागं दाबला आणि सगळी मूर्ती ताठ झाली. मग रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवरून पुन्हा पाहिलं. मंडळाच्या कोण्या पोरानं पोट कमी करून छाती भरलेली मूर्ती मागितली होती, ती ऑर्डर त्यांनी परत केली होती. पैशाची गरज असताना. "दुसरीकडं पाहा म्हटलं जी," एवढंच सांगितलं.

त्या दिवसापासून मी चित्रात आधी वजन काढायला लागले. माणूस कशावर टेकलाय, बैलाचा भार कोणत्या पायावर आहे, मारबत खांद्यावर घेतलेल्यांची मान कुठं वाकली आहे. चेहरे सगळ्यात शेवटी. काम सुटलं. इतकी वर्षं चित्रं काढून मला जे उमगलं नव्हतं ते त्यांच्या कारखान्यात बसून उमगलं आणि त्याचं ऋण मला वाटायला लागलं. म्हणून अर्जाचं मीच मनावर घेतलं. काका काही म्हणाले नव्हते.

योजना चांगली आहे, हे मी मनापासून सांगते. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 पारंपरिक व्यवसायांसाठी. नोंदणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, त्यात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत, आणि हवं असेल तर 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाख कर्ज. काकांची पटाशी, कोरण्या, रंगाचा जुना कॉम्प्रेसर मी रोज पाहत होते. 15,000 म्हणजे त्यांच्यासाठी काय, ते मला माहीत होतं.

नोंदणी सामान्य सेवा केंद्रात (सीएससी) जाऊन करावी लागते, तिथं कारागिराचा आधार बोटाच्या ठशानं पडताळतात. केंद्र कोणतं ते लिहीत नाही. गणपतीच्या आधी, भर कामाच्या दिवसांत काकांनी दुपारचे दोन तास काढले. हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला. नखांत माती होती तेवढीच. रांगेत उभं राहून नंबर आला. अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवा. लाल. डावा ठेवा. लाल. जोरात दाबा. लाल. केंद्रातल्या मुलानं काकांचा अंगठा स्वतःच्या हातानं धरून यंत्रावर दाबला, आणि नकार आल्यावर तो हात सोडूनही दिला.

"रेषाच नाहीत यांच्या बोटाला. मशीन घेत नाही."

"चाळीस वर्षं माती मळली जी, रेषा कुठून राहतीन?" काका म्हणाले.

"त्याला आम्ही काय करणार? पुढचे या."

वर त्यानं विचारलं, मूर्तिकार आहात याचा काही पुरावा आहे का. या वाक्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ओल्या मातीनं, रेतीनं, पॉलिशपेपरनं, खडूच्या अस्तरानं घासून घासून ज्यांची बोटं गुळगुळीत झाली आहेत, ते समोर उभे आहेत आणि पुरावा मागताय. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा बाजूला व्हा. काका झाले बाजूला. मला ते बाजूला होणं सहन झालं नाही. मी आवाज चढवला, दुसरं यंत्र आहे का विचारलं, बुबुळाचं आहे का विचारलं. नाही. साहेब कधी येतात? माहीत नाही. नंतर या. नंतर म्हणजे कधी? नंतर.

घरी परतताना काका म्हणाले, "तुम्ही कायले त्रास करून घेऊन राहिल्या ताई? मले काही नाही पायजे." यातला "काही नाही पायजे" मला फार लागला. जो माणूस खांदा पाऊण बोट पुढं आहे म्हणून रस्ता ओलांडून पाहतो, तो स्वतःसाठी एका यंत्रापुढं लगेच माघार घेतो.

मला आश्चर्य वाटलं की ही अडचण आधी कुणाच्या लक्षात कशी आली नाही. रेशनच्या दुकानातही अंगठा लागतोच. विचारल्यावर कळलं की रेशन काकू आणतात. कार्डावरच्या कोणाचाही अंगठा चालतो, त्यामुळे काकांच्या बोटांची गरजच पडली नव्हती.

आणखी चकरा झाल्या. दुसऱ्या केंद्रात गेलो, तिथंही तेच. कुणी म्हणालं लिंबानं हात धुवा, कुणी म्हणालं खोबरेल लावा. तेल लावून यंत्रावर बोट घसरतं आणि काच चिकट होते, लावू नका. कोमट पाण्यानं धुऊन कोरडं करून, कातडी फार रखरखीत असेल तर जरासं क्रीम आदल्या रात्री लावून सकाळी पुसून टाकणं, एवढंच उपयोगी. आणि अंगठ्यावर अडून राहू नका. दहाही बोटं एकेक करून घ्यायला सांगा, करंगळीसुद्धा. केंद्रातले लोक आपणहून सांगत नाहीत, अंगठा नाही आला की पुढच्याला बोलावतात. आपण काउंटरवर उभं राहून मागावं लागतं.

उलगडा केला आमच्या गल्लीतल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी. रेषांचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं, झिजतो तो वरचा थर. घासणं थांबलं की काही आठवड्यांत रेषा पुन्हा वर येतात. म्हणजे उपाय साधा होता, हाताला विश्रांती द्या. फक्त चितार ओळीतल्या मूर्तिकाराला विश्रांती कधी मिळते, हे त्या उपायाला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यापासून गणपती सुरू. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी रंगवायला येतात ते वेगळे. गणपती बसले की पितृपक्षात हाडपक्या गणपती, तो आटोपत नाही तर दुर्गा, शारदा, कोजागिरीच्या भुलाबाई, आणि शेवटी दिवाळीच्या लक्ष्म्या. यंत्राला रिकामे हात हवे होते आणि काकांचे हात दिवाळीपर्यंत रिकामे होणार नव्हते.

म्हणून थांबलो. थांबणं मला अजिबात जमत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. रोज वाटायचं, योजनेत काही बदललं तर, यादी बंद झाली तर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठली तेव्हा मीही ओरडले, आणि त्या केंद्राच्या काउंटरवरची सगळी बेपर्वाई तिच्याबरोबर जावी असं मनापासून मागितलं.

पण त्याच थांबण्यात माझं पुस्तक झालं. दुर्गेचे डोळे आखताना काका कुणाशी बोलत नाहीत. ब्रश घेतात, थोडा वेळ नुसते बघत राहतात, आणि मग एका दमात आखतात. त्या वेळी कारखान्यातली पोरंसुद्धा रेडिओ बंद करतात, कुणी सांगत नाही तरी. देवीच्या पाठीमागं, जी भिंतीला टेकणार आहे, तिथंही वेणीचे पेड नीट घातलेले असतात. मी विचारलं, हे कोण पाहणार. म्हणाले, "विसर्जनाले नेतात तेव्हा मागचे लोक पाहतात ना जी." मागून चालणाऱ्याचा विचार करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या मारबतीच्या पानावर आता गर्दीची मागची बाजू आहे, खांद्यावरचं पोर मागं वळून बघतंय. प्रकाशकांना ते पान सगळ्यात आवडलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

दिवाळी झाली. काकांनी मातीला हात लावला नाही, काकूंनी भांडीसुद्धा घासू दिली नाहीत. बोटांवर फिकट रेषा दिसायला लागल्या तेव्हा आधी आधार केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद नव्यानं करून घेतली. हा क्रम लक्षात ठेवा. जुन्या आधारातला ठसा झिजलेल्या बोटाचा असेल तर रेषा उगवूनही जुळत नाही. पावती जपून ठेवा, नवी नोंद लागू झाल्यावरच पुढं जा. मग दुसऱ्याच केंद्रात गेलो. अंगठा नाहीच आला. उजव्या हाताचं मधलं बोट आलं. हिरवा दिवा लागला तेव्हा मी इतक्या जोरात "झालं!" म्हणाले की रांगेतले लोक वळून पाहायला लागले. काका फक्त बोट उचलून त्याच्याकडं बघत होते.

पुढचं सगळं झालं. महापालिका, जिल्हा समिती, वरची समिती अशी तीन टप्प्यांची पडताळणी असते, ती आमच्या धावपळीशिवाय पार पडली. प्रशिक्षणही झालं.

राहिलेलं सांगते, आठवेल तसं. व्यवसाय निवडताना केंद्रातला माणूस माती ऐकून "कुंभार" टाकायला निघाला होता. दोन्ही व्यवसाय यादीत आहेत, पण अवजारं आणि प्रशिक्षण निवडलेल्या व्यवसायाप्रमाणे मिळतात, म्हणून "मूर्तिकार"च टाकून घ्या आणि स्क्रीन स्वतः वाचा. एका कुटुंबातून एकालाच नोंदणी करता येते, पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, त्यामुळे लग्न झालेल्या मुलाचा वेगळा अर्ज चालतो. सरकारी नोकरी घरात असेल तर नाही. आधारला मोबाइल जोडलेला आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. काकांचा नंबर त्यांच्या भाच्याचा निघाला होता. गणपतीच्या दोन महिने आधी कुठल्याच मूर्तिकाराला रांगेत उभं करू नका.

सध्या मी गोळीबार चौकाकडं एका विणकर आजोबांकडं जाते. करवतकाठी साडीचा काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी (आडवा धागा इकडून तिकडं नेतात ते), धागे एकमेकांत अडकवत विणतात, तीन धोटे एकाच वेळी चालतात. काठावरचे करवतीचे दात मोजताना ते पुटपुटतात, ते पुटपुटणं मला चित्रात कसं आणायचं ते अजून सापडलेलं नाही. विणकर विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत नाहीत, त्यांच्यासाठी हातमागाच्या योजना आणि विणकर ओळखपत्र वेगळं आहे. आजोबांचं ओळखपत्र काढायचं राहिलंय. या वेळी कागदांची यादी मी त्यांच्या सुनेकडून आधीच लिहून घेतली आहे आणि सोमवारी आम्ही जाणार आहोत.