तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणातली माणसं कॉर्नवॉलच्या बागा बघायला का जातात?

"कोकणातली माणसं तुम्ही, आणि तिकीट काढून झाडं बघायला जाता?" इंग्लंडात रेडिंगला राहायला आल्यापासून हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतर, वाढदिवसाच्या जेवणात, मुंबईहून आलेल्या फोनवर, सगळीकडे ऐकून झालाय. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही स्पेन-इटली सोडून कॉर्नवॉलला जातो म्हटलं की लोक आधी तिथल्या हवेवर आणि मग आमच्या अकलेवर शंका घेतात.

हवेचं आधी सांगते. कॉर्नवॉल म्हणजे नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेलं इंग्लंडचं टोक. अटलांटिकमधून येणाऱ्या कोमट प्रवाहामुळे तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर बर्फ क्वचित पडतो. आपल्या मानाने गारठाच, स्वेटर आणि रेनकोट दोन्ही लागतात. पण जी झाडं माझ्या रेडिंगच्या अंगणात एक हिवाळा काढणार नाहीत, ती तिथं उघड्यावर शंभर-शंभर वर्षं उभी आहेत. त्यांना थंडीपेक्षा खारा वारा जास्त छळतो. म्हणून जुन्या बागा समुद्राकडे उतरणाऱ्या घळींमध्ये केलेल्या, आणि वाऱ्याच्या अंगाला पाइनच्या रांगा. आमच्या गुहागरला सुरू लावतात, त्यातलाच प्रकार. रस्त्यांच्या कडेलाही गडगेच आहेत. फक्त हे दोन बाजूंनी दगड रचून मध्ये माती भरलेले, वर गवत आणि फुलं उगवलेले. गाडी त्यांच्यामधून इतकी घासून जाते की समोरून ट्रॅक्टर आला की माझा नवरा देवाचं नाव घेतो.

एका जूनमध्ये गुहागरची आत्या आली होती. तिचं स्वतःचं आगर आहे, नारळ-पोफळीचं, आणि दुसऱ्याच्या बागेचं कौतुक करण्याचा तिचा स्वभाव नाही. तिला फॅलमथजवळच्या ट्रेबा बागेत नेलं. चार्ल्स फॉक्स नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात लावलेली ही बाग घरापासून सुरू होते आणि उतरत उतरत थेट हेलफर्ड नदीच्या मुखाशी, पुळणीवर जाऊन थांबते. असं सांगतात, की एखादं झाड लावण्याआधी हा फॉक्स माळ्याला तेवढ्या उंचीचा मचाण उभारायला लावायचा आणि स्वतः घराच्या पोटमाळ्याच्या खिडकीतून कर्णा लावून ओरडायचा, जरा डावीकडे, जरा मागे. आत्याला हे फार पटलं. "पोफळ चुकीच्या जागी लागली की जन्मभर डोळ्यांत खुपते," म्हणाली.

घळीच्या तळाशी गनेराचं रान आहे. दक्षिण अमेरिकेतलं झाड, पान एवढं मोठं की खाली माणूस पावसापासून आडोशाला उभा राहील. आत्या थबकली. "हे अळू कुणी लावलं?" मग पानाखाली शिरून तिने देठाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. देठाला काटे असतात. "वडीला नाही चालायचं. खाजेल का ते नंतर, आधी टोचतंय." दुसऱ्या महायुद्धात, 1 जून 1944 ला, याच पुळणीवरून अमेरिकेच्या 29व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे सैनिक नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याकडे निघाले होते. तिथं स्मारक आहे. आम्ही त्याच्याजवळ बसून आइस्क्रीम खाल्लं.

तुम्हाला एकच बाग बघायची असेल तर मात्र मी हेलिगन म्हणेन. मेव्हागिसीजवळ, ट्रेमेन घराण्याची. पहिल्या महायुद्धाआधी तिथं माळ्यांचा ताफा राबत होता. माळ्यांच्या संडासाच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने आपली नावं लिहिली, वर तारीख ऑगस्ट 1914. मग ते लढाईवर गेले आणि बरेच जण परत आलेच नाहीत. मी हे आत्याला सांगत होते, तर ती म्हणाली, "मग शिंपणं कोणी केलं?" काही वर्षं थोडंफार होत राहिलं, मग तेही संपलं. काटेरी झुडपांनी सगळं गिळलं. 1990 मध्ये टिम स्मिट आणि सोबत्यांनी आत वाट काढली, तेव्हा कोसळलेल्या काचघरांच्या आड ही बाग पुन्हा सापडली.

हेलिगनला हिमालयातली ऱ्होडोडेंड्रॉन आहेत, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरने 1848 ते 1850 च्या सुमारास सिक्कीमकडून पाठवलेल्या बियांची. उत्तराखंडात बुरांश बघितला असेल, तर त्याच घराण्यातली. एप्रिलमध्ये झाडाखाली पाकळ्यांचा लाल चिखल होतो, चालताना पाय घसरतो.

पण आत्या रेंगाळली ती अननसाच्या खड्ड्यापाशी. काचेखाली अननस, आणि दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्याची लीद कोंबलेली. ती कुजताना जी ऊब निघते, तिच्यावर अननस वाढवायचे. लीद निवली की काढायची, ताजी भरायची. फळ यायला दोनेक वर्षं. आम्ही गेलो तेव्हा फळ नव्हतंच, नुसती पाती. आमच्या परसात अननस कोणी न विचारता पोफळीखाली पिकतो आणि निम्मा माकडं नेतात. मला वाटलं आता आत्या हसणार. ती वाकून लीद किती खोल भरलीय ते बघत होती. "रोज हात घालून बघत असतील," म्हणाली, "नाहीतर कळणार कसं?"

मी यासाठीच जाते. फुलं छान असतातच, पण तिथं झाडापेक्षा राबणूक जास्त दिसते, आणि ती बघायला आगरातल्या माणसाचे डोळे लागतात.

सेंट ऑस्टेलजवळ ईडन प्रोजेक्टही आहे, चिनी मातीच्या जुन्या खाणीत 2001 मध्ये उघडलेला, अवाढव्य घुमटांखाली उष्ण कटिबंधातलं जंगल. मुलांना आवडतं. आम्ही आत्याला नेलं नाही. केळी बघायला ती पैसे देणार नव्हती.

जायचंच असेल तर ऑगस्ट टाळा, रस्ते तुंबतात. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून पेन्झान्सला जाणारी आगगाडी घ्या आणि डावीकडची खिडकी धरा. डॉलिशला रूळ अगदी समुद्राला खेटून जातात, आणि भरती असेल तर काचेवर पाणी येतं.