हराळी, आघाडा आणि मी

श्रावणात चार दिवस गावाला जाऊन आलं की आमचं परस ओळखू येत नाही. टाकळा गुडघ्याला लागतो, केना वाफ्याबाहेर सांडतो, आघाडा साडीला धरून घरापर्यंत येतो. पूर्वी मी बाई लावून सगळं उपटून घ्यायचे. ढीग वाळला की काडी लावायची. आणि मग त्याच वाफ्यांसाठी नर्सरीतून खताची पोती उचलून आणायची!

'तण खाई धन' हे आईचं वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं. कोल्हापूरचे शेतकरी प्रतापराव चिपळूणकर यांनी ते 'तण देई धन' असं फिरवलं, ते वाचलं आणि विळा वेगळ्या बेतानं हातात घेतला. आता उपटत नाही, जमिनीलगत कापते. मुळं आतच कुजतात, त्यांच्या वाटांनी पाणी मुरतं. कापलेलं तिथंच, वांग्या-मिरचीच्या बुडाशी चार बोटं जाड पसरते. खोडाला मात्र टेकू देत नाही, ते कुजतं. आणि कापायचं ते फूल धरायच्या आधी. टाकळ्याच्या शेंगा तडकल्या की पुढच्या वर्षीची पेरणी झालीच म्हणायची. गाजरगवताला हातमोज्यांशिवाय शिवत नाही, अंगाला खाज सुटते. पुण्यात त्याची नोंद 1955 सालची. आमच्या कोपऱ्यातलं बहुतेक तेव्हापासूनच मुक्कामाला असावं.

हराळीनं मात्र मला चांगलंच बनवलं. इतरांसारखी तीही कापून पसरली, तर दोन पावसांत पेरापेराला फुटून मिरचीचा अख्खा वाफा हिरवागार! आता ती आधी पत्र्यावर कडकडीत वाळवते. एक कोपरा तेवढा तिला सोडलाय, कारण एरवी "काय हो हा कचरा साठवलाय?" म्हणणाऱ्या शेजारच्या वहिनी गणेश चतुर्थीला सकाळीच परडी घेऊन दारात उभ्या असतात. दूर्वा हव्यात. पत्रीला आघाडाही द्या, असला तर.

परवा चैत्रातल्या उन्हात पाणी घालायला गेले. सहज थर उचलून पाहिला. वरचं पापडासारखं चुरचुरीत, खालच्या पानांची नुसती जाळी उरलेली, आणि त्याखाली माती अजून ओलसर, काळी. उजेड पडताच एक गांडूळ अंग आखडून आत गेलं. मी थर होता तसा सारखा केला आणि पाइप गुंडाळून ठेवला.