ती क्वेरी नक्की कोणाची?
आजचा दिवस एकाच प्रश्नात गेला: सगळ्यांच्या सामायिक पोस्टग्रेस डेटाबेसवर रात्री ती जड क्वेरी कोणी सोडली?

पहिली धाव अर्थात पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीकडे, म्हणजे कोण जोडलंय आणि काय चालवतंय हे दाखवणाऱ्या तक्त्याकडे. पण तिथे फक्त आत्ता जोडलेली सेशन्स दिसतात. सेशन संपलं की ओळ गायब. शिवाय स्टेट ‘आयडल’ (नुसतं बसलेलं) असेल तर समोरची क्वेरी चालू नसते, ती त्या सेशनची शेवटची असते. हे न बघता भलत्याच माणसाला धरलं जातं. क्वेरीचा मजकूरही मूळ सेटिंगमध्ये १०२४ बाइट्सपाशी तुटतो.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे क्वेऱ्यांची आकडेवारी ठेवणारं एक्स्टेंशन, पण ते यूझरनिहाय नुसती बेरीज देतं. पहाटे २ वाजता कोण होतं, हे त्यातून कळत नाही.

खरा पुरावा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये. लॉग_लाइन_प्रिफिक्समध्ये (प्रत्येक नोंदीआधी काय छापायचं ते सांगणारी सेटिंग) मुळात वेळ आणि प्रोसेस आयडी एवढंच असतं. यूझर, डेटाबेस आणि क्लायंटचा (जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता आपण घालायचा. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ५०० मिलिसेकंदांवर ठेवलं, म्हणजे तेवढा किंवा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेऱ्याच नोंदवल्या, तरी बरंच सापडतं. दोन्हींना रीलोड (सर्व्हर न थांबवता सेटिंग्ज परत वाचणं) पुरतो, रीस्टार्ट नको. लॉग_स्टेटमेंट ‘ऑल’ (सरसकट सगळ्या क्वेऱ्या नोंदवणं) मात्र जपून: डिस्क भरते ते वेगळंच, पण कोणी अल्टर रोल कमांडने पासवर्ड बदलला तर तो जसाच्या तसा लॉगमध्ये उतरतो!

आणि सगळी टीम एकाच यूझरने लॉगिन करत असेल तर हा सगळा खटाटोप फुकट. माणशी एक रोल (लॉगिनचं खातं) हवाच. ॲप्लिकेशन_नेमवर (सेशनला दिलेल्या प्रोग्रॅमच्या नावावर) विसंबू नका, ते क्लायंट स्वतःच ठरवतो. मध्ये पीजीबाउन्सर (अनेकांची कनेक्शन्स सांभाळणारा मध्यस्थ) असेल तर पत्ताही त्याचाच दिसेल. मग त्याचा लॉग वेळेशी जुळवत बसा.