माशाची डीएनए लस: सुई कुठं, डोस किती, आणि आपल्या तळ्याचं काय

तळ्यात विषाणू शिरला की औषध चालत नाही, त्यामुळे लशीची चौकशी होते ती रास्तच. पण डीएनए लस पाण्यात ओतायची किंवा खाद्यात मिसळायची वस्तू नाही. ती प्रत्येक माशाला वेगळी, पाठीच्या मांसात टोचावी लागते.

त्या थेंबात विषाणू नसतोच. असतं ते प्लास्मिड: जिवाणूत वाढवून शुद्ध केलेलं डीएनएचं गोल कडं, आणि त्यात विषाणूची प्रथिनं बनवायची कृती. माशाच्या पेशी ती वाचून प्रथिनं स्वतः बनवतात आणि शरीर त्यांना परकं समजून तयारीला लागतं. साल्मनच्या आयएचएन या विषाणूजन्य रोगावर अशी लस कॅनडात 2005 मध्ये मंजूर झाली, साल्मनच्याच पॅन्क्रियाज (स्वादुपिंड) रोगावरची 'क्लायनॅव' युरोपात 2017 मध्ये.

क्लायनॅवचा डोस 0.05 मिली, म्हणजे एक मिलीत वीस मासे. जागा पाठीच्या पराच्या जरा पुढे, बाजूच्या स्नायूत. आधी मासे उपाशी ठेवायचे, मग भूल द्यायची. सुई बोथट झाली की जखम मोठी होते, तिथून जिवाणू आणि बुरशी शिरते. मासा फार लहान असला तर लस परत बाहेर येते. आधीच आजारी असलेल्या घोळक्याला टोचणं म्हणजे फक्त ताण वाढवणं.

संरक्षण सुरू व्हायला लागणारा वेळ दिवसांत नाही, अंश-दिवसांत मोजतात: तापमान गुणिले दिवस. क्लायनॅवला सुमारे 399 लागतात, म्हणजे 10 अंशाच्या पाण्यात 40 दिवस. आपलं पाणी गरम, म्हणून लवकर जमेल असा हिशेब मात्र करू नका; तो आकडा थंड पाण्यातल्या साल्मनचा आहे.

आपल्या कटला-रोहूसाठी अशी लस बाजारात नाही, त्यामुळे 'पाण्यात टाका' म्हणून कुणी विषाणूची डीएनए लस विकत असेल तर घेऊ नका. मामा (माजी मालगुजारी) तलावात हिवाळ्यात दिसणारे लाल व्रण बहुधा ईयूएस या व्रणरोगाचे असतात. ते बुरशीसारख्या जिवाचं काम, तिथं विषाणूची लस असती तरी उपयोग नव्हता.

तिलापियावाल्यांनी टीआयएलव्ही, म्हणजे तिलापिया लेक विषाणूकडे लक्ष ठेवावं. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडल्यावर महिनाभरात मर लागली, डोळे पांढुरके दिसले, कातडी सोलली, तर तरंगणारा कुजका मासा तपासणीला नेऊ नका. मरणपंथाला लागलेला जिवंत मासा घ्या. यकृत, प्लीहा आणि मेंदूचे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा छोटे तुकडे त्यांच्या दहापट आकारमानाच्या 95 टक्के इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मेलिन नको, त्यात विषाणूचं आरएनए खराब होतं आणि पीसीआर (विषाणू ओळखायची चाचणी) फसतं.