स्वस्त सोनारने डाइव्ह साइटचा नकाशा: कड्याच्या पायथ्याचा आकडा खरा मानू नका

मासे शोधायच्या साध्या सोनारवर, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्रावर, डाइव्ह साइटचा नकाशा होतो आणि चांगला होतो. पण डायव्हरला ज्या ठिकाणी त्याची सगळ्यात जास्त गरज असते, त्या उभ्या कड्याच्या पायथ्याशीच यंत्र खोटा आकडा दाखवतं. हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. निघण्यापूर्वी पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत तेच: सपाट तळावरून होडी फिरते, पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो, विषय संपला. कडा असलेल्या जागी जाणाऱ्याची यात शुद्ध दिशाभूल आहे, म्हणून हे लिहितोय. डायव्हिंग येतं, लाटांत दिवसभर होडीवर उभं राहता येतं आणि सोनार हाताशी आहे, असं धरून चाललोय.

जागा अशी: पाण्याखालचं खडकाळ पठार, माथा नऊ मीटरवर. एका अंगाला वाळूचा हलका उतार, दुसऱ्या अंगाला जवळजवळ उभा कडा, पायथा २८ मीटरवर. पठार आणि उतार सुखासुखी झाले. समुद्र शांत होता, होडीच्या फेऱ्यांच्या रेघा सरळ आल्या, संध्याकाळपर्यंत नकाशा हातात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. सगळा जीव गेला तो कड्यापायी.

तिथे होतं काय, तर सोनारचा आवाज खाली सरळ रेषेत जात नाही, शंकूसारखा पसरत जातो. २०० किलोहर्ट्झवर २० अंशांचा शंकू ही या यंत्रांची नेहमीची मापं. म्हणजे २८ मीटर खोलीवर तळाचा सुमारे दहा मीटर व्यासाचा गोल एकाच वेळी ऐकू येतो. त्या गोलातून जो जोरदार प्रतिध्वनी सगळ्यात आधी परत येतो, त्याला यंत्र तळ म्हणतं. होडी पायथ्यावर, कड्यापासून तीन-चार मीटरवर असेल, तर कड्यातून पुढे आलेला एखादा कंगोरा आधी बोलतो आणि खरा पायथा मागे राहतो. आमच्या नकाशात पायथ्याला २३-२४ मीटर आले. डायव्हर खाली गेले तेव्हा मनगटावरच्या, दाबावरून खोली सांगणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरने २८ दाखवले.

चार मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पाण्याखाली नाही. २४ मीटरवर दाब ३.४ बार, २८ वर ३.८. हवा त्याच प्रमाणात जास्त संपते आणि डीकॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना मध्ये थांबे न घेता, खाली राहता येण्याचा वेळ घटतो. कोणी तुमच्या नकाशावर विसंबून डाइव्ह आखली तर त्याचं सगळं गणित चुकीच्या बाजूला झुकतं. म्हणून माझा स्पष्ट निवाडा: कड्याच्या पायथ्याचे यंत्राने आपोआप काढलेले आकडे असलेला नकाशा कोणाच्याही हातात देऊ नका. तो भाग कोरा ठेवलेला परवडला.

उपाय आहे, पण कष्टाचा. सोनारचं कच्चं रेकॉर्डिंग उघडून नीट पाहिलं की कड्यापाशी दोन रेघा दिसतात. वरची ठळक असते, ती कड्याची. तिच्या खाली एक फिकट, तुटक रेघ असते, तो खरा पायथा. यंत्र फक्त वरची वाचतं, डोळ्याला दोन्ही दिसतात. ती खालची रेघ हाताने, बिंदू बिंदू टिपत जायची. आम्ही रात्र रात्र बसून हेच केलं. डोळे भरून आले, पण टिपलेल्या खोल्या डायव्हरांच्या आकड्यांना अर्ध्या मीटरच्या आत जुळल्या तेव्हा झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही. ज्या यंत्राला मेमरी कार्डावर कच्चं रेकॉर्डिंग करता येत नाही, ते या कामाला घेऊ नका. पडदा कितीही मोठा असो, किंमत कितीही कमी असो.

होडी ज्या रेघांवरून फिरते त्यांची दिशाही महत्त्वाची. कड्याला समांतर रेघा मारल्या की पायथ्याची अख्खी रेघ कड्याच्या सावटाखाली जाते आणि चूक आहे हे कळतसुद्धा नाही. आडव्या मारा, खोल पाण्याकडून कड्याकडे येत. सपाट वाळूवरून येताना कडा कुठे बोलायला लागला ते रेकॉर्डिंगवर स्पष्ट दिसतं, आणि त्यापुढचे बिंदू हाताने टिपायचे हे लगेच ठरवता येतं. शेवटी दोन-तीन रेघा इतर सगळ्यांना छेदून जातील अशा घ्या. छेदांवर दोन्ही खोल्या जुळल्या नाहीत, तर पुढे जाऊच नका, आधी कारण शोधा.

कारण बहुतेक वेळा तिघांपैकी एक निघतं: भरती-ओहोटी, लाट किंवा ट्रान्सड्यूसरचा (आवाज सोडून परत ऐकणाऱ्या भागाचा) दांडा. भरतीचा हिशोब वेळेवरून वजा करायचा असतो, म्हणून यंत्राचं घड्याळ जीपीएसच्या वेळेवर ठेवा. लाटेमुळे सपाट तळही करवतीच्या दातांसारखा दिसतो, त्याची सरासरी काढता येते. पण लाट मीटरभर झाली की सरळ परत फिरा. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग नंतर टाकूनच द्यावं लागतं आणि माणसं उगाच दमतात.

दांड्याबद्दल मात्र सविस्तर. ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीवर लावू नका, तिथे पंख्याचे बुडबुडे येतात आणि चित्रात नुसता धुरळा दिसतो. होडीच्या मध्यावर, बाजूने, जाड पाइपाच्या दांड्यावर, होडीच्या तळाच्या खाली येईल इतका उतरवा. पुढून आणि मागून एकेक दोरी ताणून बांधा, नाहीतर चार नॉटच्या वेगालाही दांडा थरथरतो. जीपीएसचा अँटेना त्याच दांड्याच्या माथ्यावर बसवा. अँटेना केबिनवर आणि ट्रान्सड्यूसर चार मीटर बाजूला असेल, तर प्रत्येक खडक नकाशावर चार मीटर सरकतो, आणि होडी उलटी वळली की उलट्या बाजूला सरकतो. साध्या जीपीएसची स्वतःची चूक तीन-पाच मीटर असतेच, तिच्यात ही भर कशाला?

आता होडीच्या भाड्याचं, कारण इथे आमची लूट झाली. होडी ठरवताना फेरीचा दर सांगितला. समुद्रात गेल्यावर होडीवाला म्हणाला, इतकं संथ चालवायला इंधन जास्त लागतं, त्याचे वेगळे. हे साफ खोटं आहे. चार नॉटला कुठलीही होडी धावत्या वेगापेक्षा ताशी खूपच कमी इंधन पिते. वर प्रत्येक रेघेच्या टोकाला वळायला लागणारा वेळ ‘थांबण्याचा’ म्हणून जोडला. भर समुद्रात वाद घालता येत नाही, कारण परत त्याच होडीने यायचं असतं. तेव्हा ताशी दर ठरवा, इंधन धरून, वळणं धरून, दांडा बसवण्याचा वेळ धरून, आणि निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. चालवणाऱ्याला सरळ रेघ धरता येते का, हेही किनाऱ्याजवळ पाहून घ्या. ते न येणारा माणूस स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

नकाशा ‘करून देणाऱ्यांना’ फाइलमागे पैसे मोजायचीही गरज नाही. हमिंगबर्ड कंपनीच्या सोनारची रेकॉर्डिंग्ज पिंगमॅपर नावाच्या फुकट, खुल्या प्रोग्रामात उघडतात आणि पुढचं सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रामात होतं, तेही फुकट. सोपं हवं असेल तर रीफमास्टर हा प्रोग्राम विकत घ्या, त्यात भरतीची दुरुस्तीही आहे.

साइड स्कॅनने, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंना आवाज सोडून तळाचं चित्र काढणाऱ्या सोनारने, मात्र मन भरलं. या कामात सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट तीच. सपाट वाळूवर उभ्या वस्तूची काळी सावली पडते आणि सावलीवरून उंची निघते: सावलीची लांबी गुणिले ट्रान्सड्यूसरची तळापासून उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. उताराच्या पायथ्याशी एका छोट्या ठिपक्यामागे सहा मीटरची सावली होती. ट्रान्सड्यूसर तळापासून १२ मीटर वर, टोक ३६ मीटरवर. उत्तर दोन मीटर. सावलीला वरच्या बाजूला दोन टोकं फुटलेली. डायव्हर उतरले तेव्हा जहाजाचा जुना नांगर, एक फाळ वाळूत रुतलेला, दांडा सरळ वर, आणि मोजपट्टीवर दोन मीटरला जेमतेम कमी. अशा वेळी थकवा कुठल्या कुठे पळतो. साइड स्कॅन सकाळी लवकर करा. दुपारी वरचं पाणी तापलं की आवाज वाकतो आणि चित्राच्या कडा लहरी होऊन विरतात. वळणावरचं चित्र पूर्ण टाकून द्या, त्यातून काहीही खरं निघत नाही. खाली डायव्हर असताना रेघा मारू नका: पंख्याचा धोका आहेच, शिवाय त्यांच्या बुडबुड्यांचे खांब चित्रात खडकांसारखे दिसतात.

आवाजाच्या वेगाची खात्री केल्याशिवाय कुठलाच आकडा पक्का धरू नका. बरीच यंत्रं सेकंदाला १५०० मीटर धरून चालतात. तीस अंश सेल्सिअसच्या खाऱ्या पाण्यात तो १५४५ च्या आसपास असतो, म्हणजे २८ मीटरची खोली पाऊण-एक मीटर उथळ दिसते. धातूची पाटी साखळीने मोजून दहा मीटरवर सोडा, सोनार काय म्हणतो ते बघा आणि त्या प्रमाणात सगळे आकडे सुधारा. पाचच मिनिटांचं काम आहे. डायव्हरच्या कॉम्प्युटरशी ताडून पाहताना तो गोड्या पाण्यावर लावलेला नाही ना, तेवढं बघा, कारण त्याने दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो.

पायथ्याची खोली शेवटी डायव्हरनेच पक्की करायची. कड्याच्या बुडाशी उभं राहून दोरी बांधलेला बॉय (तरंगता फुगा) वर सोडायचा, होडीने त्यावर येऊन जागा टिपायची, कॉम्प्युटरचा आकडा वेळेसकट पाटीवर लिहायचा. भरती संपून ओहोटी लागताना, किंवा उलट, पाणी जेव्हा थांबतं तेव्हाच हे करा. प्रवाह असेल तर दोरी तिरकी जाते आणि बॉय भलतीकडेच वर येतो. कड्यावर दर वीस-पंचवीस मीटरला असा एक बिंदू असेल, तर हाताने टिपलेली रेघ त्यांना टेकवून तपासता येते. नकाशा वाटताना हे बिंदू वेगळ्या रंगात दाखवा, बाकीची पायथ्याची रेघ तुटक ठेवा, आणि नौकानयनासाठी वापरू नये हे मोठ्या अक्षरांत लिहा. बुडालेलं जहाज सापडलं तर जागा जाहीर करण्याआधी तिथला कायदा बघा. कच्ची रेकॉर्डिंग्ज कधीच पुसू नका. पुढच्या मोसमात वाळू सरकली की नकाशाचं वाळूचं अंग पुन्हा मोजावं लागेल, आणि किती सरकली ते जुन्या फाइलींशी ताडूनच कळेल.