रबर काढलंत, मग ते लाकूड कुठून आणलंत?

माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरची रबरी मूठ काढून मी लाकडी बसवली. ते लाकूड कुठून आणलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इथे ओहायोत आमच्या घरी येणारी मराठी मंडळी आधी विचारायची, ‘अहो, तुम्ही आणि बंदूक?’ तो प्रश्न आता जुना झाला. हल्ली कपाटातलं रिव्हॉल्व्हर बघून दुसराच प्रश्न येतो. पुण्याहून आलेल्या मेहुण्यानं तर तोंडावरच सुनावलं, ‘भावजी, शंभर डॉलरात नवीकोरी मूठ मिळते म्हणता, मग ह्या घासलेल्या फळ्यांसाठी अडीच वर्षं काय शोधत बसलात?’

रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक-कंपनीचं, ‘मिलिटरी अँड पोलीस’. हे मॉडेल १८९९ पासूनचं. पुढे १९५७ मध्ये त्यालाच ‘मॉडेल १०’ म्हणू लागले. माझ्या हातात आलं तेव्हा त्यावर बोटांच्या खाचांची जाडजूड काळी रबरी मूठ होती. नेम धरायला उत्तम, दिसायला नऊवारीवर स्पोर्ट शूज. बुडाला नंबर होता, साडेसहा लाखांच्या पुढचा. या मालिकेचा दहा लाखाचा आकडा १९४२ मध्ये गाठला गेला आणि युद्धकाळात नंबराच्या आधी ‘व्ही’ लागू लागला, म्हणजे माझं त्याआधीचं. कंपनीच्या जुन्या दप्तरातून पत्र मागवलं. त्यात उत्तर आलं: १९३७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं.

साल कळलं आणि मी फसलो. आता १९३७ चीच मूठ हवी.

मूठ म्हणजे अक्रोडाच्या दोन फळ्या, मधून एक स्क्रू. बस्स. पण या दोन फळ्यांवरून साल वाचता येतं. १९१० च्या सुमारास वरच्या टोकाला सोनेरी बिल्ला आला, विसाच्या दशकात तो गायबच झाला, आणि १९३० च्या आसपास परत आला तो रुपेरी होऊन. युद्धातल्या फळ्या गुळगुळीत, ना बिल्ला ना खाचांची नक्षी. वेळ कुणाला होता! स्क्रूभोवती नक्षीतून मोकळा सोडलेला लाकडाचा हिरा १९६८ पर्यंत टिकला, मग तोही गेला. १९३५ मध्ये ‘मॅग्ना’ नावाची फळी आली, ती मागच्या बाजूनं फ्रेमवर, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या धातूच्या सांगाड्यावर, उंच चढते. माझ्या साध्या पोलिसी रिव्हॉल्व्हरला हवी होती त्याआधीच्या घडणीची: बुटकी, सपाट, रुपेरी बिल्ला, मध्ये हिरा.

त्याहूनही जुन्या रिव्हॉल्व्हरवर काळ्या फळ्या दिसतात. विकणारे त्यांना हटकून ‘गटापर्चा’ (झाडाच्या चिकापासूनचा रबरासारखा पदार्थ) म्हणतात. बहुतेक वेळा ते असतं कडक केलेलं रबर. अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि हुंगा, गंधकाचा वास येईल. उन्हानं ते तपकिरी पडतं आणि कडेचे टवके उडतात. हस्तिदंताच्या वाटेला मी गेलोच नाही. २०१६ पासून अमेरिकेत आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, आणि मला तो तसाही नको होता.

पहिली जोडी फोटो बघून मागवली. मुठीला परवाना लागत नाही, साध्या टपालानं येते. लाकूड असं की हातावर ठेवून बघत राहावं. लावायला गेलो तर चारी बाजूंनी बाहेर. ती होती मोठ्या ‘एन’ फ्रेमची, माझं रिव्हॉल्व्हर मधल्या ‘के’ फ्रेमचं. विकणाऱ्यानं काहीच दडवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मात्र मला बनवायचा प्रयत्न झाला. एका प्रदर्शनात टेबलावरच्या खोक्यात शंभरेक फळ्या पडलेल्या. या कंपनीत उजव्या फळीच्या आत रिव्हॉल्व्हरचा नंबर असायचा, म्हणून मी उलटून बघत होतो. मी माझा नंबर बोललो होतो, ही चूक. तासाभरानं परत आलो तर त्या गृहस्थानं ‘मागच्या गाडीत सापडली’ म्हणून जोडी पुढे केली, आत हुबेहूब माझा नंबर! उजेडात धरली. ऐंशी वर्षांच्या तेलानं फळी आतून चहाच्या गाळणीसारखी काळपट झालेली, आणि आकड्यांच्या खोबणीतलं लाकूड मात्र ताजं, फिकट, कडेला बारीक कूस उभी. मी ‘थँक्यू’ म्हणून जोडी खाली ठेवली. भांडण करायला हवं होतं, असं बायको अजून म्हणते.

शेवटी मिळाली ती एका म्हाताऱ्या बंदूक-दुरुस्तीवाल्याच्या खणात, दोरा गुंडाळून ठेवलेली. दोरा महत्त्वाचा. डावी-उजवी फळी जन्मापासून एकत्र असेल तर दोन्हींचा रंग आणि झीज जुळते. सुटी फळी घेऊन जोड लावायला गेलं की ते लग्न कधी जुळत नाही. एकशे ऐंशी डॉलर मोजले.

लावायची रीत सांगतो, कारण इथेच माणसं वाट लावतात. आधी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, उघडून रिकामं आहे ना, दोनदा बघायचं. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्यायचा. जुनी फळी पेचकसानं उचकटायची नाही, कड तुटते. स्क्रू तीन-चार फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर पेचकसाच्या मुठीनं हलकी टिचकी मारली की पलीकडची फळी आपसूक सुटते. बसवताना फ्रेमच्या तळाशी असलेली छोटी खुंटी फळीतल्या भोकात गेली पाहिजे. स्क्रू आवळताना मनगट वापरायचं नाही, फक्त दोन बोटं.

माझ्या फळ्या एका कडेला नखाएवढ्या आत राहिल्या. त्या ज्या फ्रेमसाठी घासल्या गेल्या ती फ्रेम माझी नव्हे, शिवाय लाकूड वाळून आटतंही. मेहुण्याचं म्हणणं, पॉलिश पेपर मारून सारखं करून टाका. नाही केलं. आतल्या बाजूला माझ्या हातची चिठ्ठी आहे: ‘मूठ मूळची नाही, नंतर बसवली’, खाली तारीख. उद्या मुलानं विकलंच तर घेणाऱ्याला कळेल.

आणि उजव्या फळीच्या आत ठशानं उमटलेला एक नंबर आहे, सहा लाखांतलाच, माझ्याहून जरा आधीचा. ते रिव्हॉल्व्हर कुठेतरी असेलच. त्यावर आत्ता बहुधा काळं रबर असणार.