पट्टीवर कालची वेळ

हळदीचे सौदे ऐन भरात असताना सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून सकाळी फोन आला. "अहो, शेतकऱ्याच्या पट्टीवर कालची तारीख पडतीय. वेळ रात्रीची 9:42. आता काय रात्र हाय का?"

पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती. त्यांचा हिशेब आमच्या विश्रामबागच्या सर्व्हरवर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, चालतो. आदल्या रात्री लाईट गेली, यूपीएसनं दम असेपर्यंत तग धरला आणि मग सर्व्हर शिस्तीत बंद झाला. पहाटे आपोआप चालूही झाला.

सर्व्हर बंद होताना आतल्या मशीनचं काय करायचं ते लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सेवा ठरवते. अशी मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरचाच ती भाग. तिला काही सांगितलं नाही तर ती मशीनची मेमरी डिस्कवर उतरवून त्याला झोपवते. उठल्यावर मशीनचं घड्याळ झोपलं त्या वेळेपासूनच पुढे चालू लागतं. हे ठाऊक असल्यामुळेच मी सेटिंगच्या फाईलमध्ये 'शटडाउन' लिहून ठेवलं होतं. फाईल उघडली, तर लिहिलेलं जागेवर. लॉग उघडला, तर तिथे 'सस्पेंडिंग', म्हणजे झोपवणं.

म्हणजे फाईल कुणी वाचतच नव्हतं. आणि लिबव्हर्टचं पॅकेज मीच बांधलेलं, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

आम्हाला लिबव्हर्टची नवी आवृत्ती हवी होती, म्हणून डेबियन या लिनक्सचे पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये करायच्या बदलांच्या फाईली, उचलून मी ते घरीच बांधतो. मूळ कोड ही सेटिंगची फाईल सिसकॉन्फिग फोल्डरमध्ये शोधायचा, ती रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सकडची रीत. डेबियनमध्ये ती डिफॉल्ट फोल्डरमध्ये असते. एक पॅच फक्त हा पत्ता बदलतो. कंटाळवाणं काम, पण दर आवृत्तीला आजूबाजूच्या ओळी हलतात आणि पॅच पुन्हा बसवावा लागतो.

पत्ता दोन ठिकाणी होता: सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाईलमध्ये आणि खरं काम करणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये. मागच्या वेळी पॅच बसवणाऱ्या क्विल्टनं स्क्रिप्टचा तुकडा नाकारला. रात्रीचे अकरा वाजलेले. मी जबरदस्तीनं पॅच पुढे ढकलला, रिफ्रेश मारून जेवढा बसला तेवढाच पॅच म्हणून जतन केला, नाकारलेला तुकडा नंतर हातानं बसवू म्हटलं आणि साफसफाईत तो तुकडा ठेवलेली रेज फाईलच पुसली. उरलेला पॅच एकदम स्वच्छ! पॅकेज हूं की चूं न करता बांधलं गेलं.

युनिट योग्य फाईल वाचत होतं, पण स्क्रिप्ट सुरुवातीलाच स्वतःची मूल्यं भरते आणि मग फाईल वाचते. जुन्या पत्त्यावर फाईल नाही, म्हणून गप्प पुढे जाते. युनिटनं दिलेलं 'शटडाउन' तिथेच पुसलं गेलं. निदान एक इशारा तरी छापायचा होता राव.

दुरुस्ती एका ओळीची. त्यापेक्षा जास्त वेळ गेला बिल्डमध्ये, म्हणजे पॅकेज बांधताना, तपासणी घालायला: पॅच लागल्यावरही 'सिसकॉन्फिग' सापडलं तर तिथेच थांब. पहिल्याच फेरीत ती मदतपुस्तिकेतल्या शब्दावर अडली, मग फक्त युनिट आणि स्क्रिप्टपुरती ठेवली. सेवा हातानं थांबवून पाहिली, मशीन नीट बंद झालं.

पुढे लिबव्हर्टनंच हे फोल्डर बिल्डच्या वेळी सांगायची सोय दिली. मी पॅकेज बांधायच्या रूल्स फाईलमध्ये पत्ता टाकला आणि सिरीजमधून, म्हणजे पॅचच्या यादीतून, त्या पॅचचं नाव काढून टाकलं. दुकानदारांनी मात्र त्या सकाळच्या सगळ्या पट्ट्या रद्द करून नव्यानं छापल्या, आणि जे शेतकरी गाडी धरून गावी गेले होते त्यांना एकेक फोन केला.